लाइटीचं मीटर नाही, लाइट मीटर

आधीच सांगून टाकतो, हे घराबाहेर भिंतीवर जे मीटर असतं, ज्याचं बिल बघून आमच्या अण्णांचा बीपी वाढतो, त्याच्याबद्दल नाहीये. हे फोटोग्राफीतलं लाइट मीटर, हातात धरून प्रकाश किती आहे ते मोजायचं. पण जळगावात लाइट मीटर पाहिजे म्हटलं की माणूस पहिले विचारतो सिंगल फेज का थ्री फेज, आणि हे माझ्याबाबतीत एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दुकानांत झालंय. म्हणून म्हटलं लिहून ठेवू, माझे साडेतीन महिने आणि बरेच पैसे यात गेले, दुसऱ्या कोणाचे जरा कमी जातील.

सुरुवात भाऊबीजेची, ३ नोव्हेंबर २०२४. आईला घेऊन चोपड्याला मामांकडे गेलो होतो. मामांचा तिथे पूर्वी स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो असं सगळं. डिजिटल आल्यावर काही वर्षं ओढला आणि मग बंद केला. जेवण झाल्यावर मामांनी लोखंडी कपाटातून एक चामड्याची पेटी काढली, आत याशिका डी. वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा कॅमेरा, १२० चा रोल लागतो, एका रोलात १२ चौकोनी फोटो. मला म्हणाले, घेऊन जा, इथं नुसता पडून आहे. मी खूश. घरी येऊन बघतो तर शटर १ सेकंदापासून ५०० पर्यंत, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत, चालतंय, भिंगावर थोडी बुरशी होती पण कडेला, आणि कॅमेऱ्यात प्रकाश मोजायची काहीच सोय नाही. काटा नाही, लाल दिवा नाही, सेल टाकायची जागाच नाही. मामांना फोन करून विचारलं की तुम्ही कसं करायचे, तर म्हणाले, "मना डोयाच मीटर शे भो. आनि रोलाच्या डब्यातला कागद वाच." रोलाच्या डब्यात पूर्वी छापील तक्ता यायचा, ऊन असेल तर एवढं, ढग असतील तर एवढं. तसा सोळाचा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो, कडक उन्हात अपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक, एफ १६ (आकडा मोठा तेवढं भोक लहान) आणि शटर रोलाच्या आयएसओएवढं, म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याएवढं. ४०० चा रोल असेल तर शटर ५००, झालं.

माझा डोळा काही मामांचा नाही. मी शाळेत शिकवतो, फोटो हा रविवारचा उद्योग. म्हणून मोबाइलवर एक फुकटचं मीटरचं अ‍ॅप टाकलं आणि इल्फर्ड एचपी-५ प्लसचा एक रोल मागवला, ९५० रुपये. एका क्लिकला ऐंशी रुपये पडतात हे डोक्यात ठेवूनच मी प्रत्येक फोटो काढत होतो, हात थरथरायचा अक्षरशः.

कापूस वेचणीचे दिवस होते. मामांच्या ओळखीच्या शेतात गेलो, बायका वेचत होत्या, एका कडेला चादरीवर पांढराशुभ्र कापसाचा ढीग आणि त्याच्याजवळ एक आजी बसलेल्या. अ‍ॅप उघडलं, मोबाइल समोर धरला, आकडा आला, तो कॅमेऱ्यावर लावला, काढले फोटो. असे बारा. १८ नोव्हेंबरला रोल मुंबईच्या लॅबला कुरिअर केला, धुणं स्कॅन करणं आणि कुरिअर मिळून ६५०. सोळा दिवसांनी, ४ डिसेंबरला स्कॅन आले.

आजींचा चेहरा काळा. नाक डोळे काही नाही, डोक्यावरच्या पदराखाली नुसता अंधार, आणि कापूस राखेसारखा. बारापैकी सात फोटो असे अंडर, म्हणजे उजेड कमी पडलेले. आणि गंमत म्हणजे नांगरलेल्या शेताचा जो एक काढला होता, नुसती काळी जमीन आणि लांब सातपुडा, तो उलटा ओव्हर, डोंगर धुऊन गेलेला. मला आधी वाटलं अ‍ॅप बोगस आहे, मग वाटलं शटर गेलं, मग लॅबवर पण संशय घेतला. तिघंही निर्दोष होते, चूक माझीच होती, पण ती कळायला एक रविवार गेला.

तो रविवार मी परत त्याच शेतात गेलो, रोल न घेता. एकाच जागी उभं राहून अ‍ॅपने आधी कापसाचा ढीग मोजला, मग फक्त मान वळवून काळी जमीन मोजली. ऊन तेच, वेळ तीच, शटर तेच. कापसावर एफ २२ आलं आणि जमिनीवर ५.६. चार स्टॉपचा फरक! एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो, म्हणजे प्रकाश सोळा पट कमीजास्त, आणि वर सूर्य तर एकच आहे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मोबाइल काय किंवा कॅमेऱ्यातलं मीटर काय, ते ऊन मोजतच नाही, ते वस्तूवर आपटून परत आलेला उजेड मोजतं. आणि ती वस्तू पांढरी आहे का काळी हे त्याला कळत नाही, ते धरून चालतं की समोर जे काही आहे ते मधल्या करड्या रंगाचं आहे, १८ टक्के उजेड परत फेकणारं. मग कापूस दिसला की त्याला वाटतं बापरे फार उजेड आहे, ते बंद करायला सांगतं आणि कापूस करडा होतो. काळी माती दिसली की वाटतं अंधार आहे, उघडायला सांगतं. आता आमच्या खान्देशात शेतात असतं काय तर खाली काळी कसदार जमीन, वर पांढरा कापूस, मध्ये पांढरी टोपी घातलेला उन्हाने रापलेला माणूस. करडं काहीच नाही.

यावर दुसरा प्रकार म्हणजे पडणारा प्रकाश मोजणारं मीटर. त्याला पुढे पांढरी अर्धगोल वाटी असते, टेबल टेनिसचा बॉल अर्धा कापून बसवल्यासारखी. ते घेऊन ज्याचा फोटो काढायचा त्याच्याजवळ जायचं, वाटीचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं आणि मोजायचं. वस्तू पांढरी का काळी याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तिथे ऊन किती पडतंय तेवढंच ते सांगतं. हे कळल्यावर मी ठरवलं की काही झालं तरी वाटीवालं घ्यायचं. तोपर्यंत ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी स्वतःचा तळहात मोजावा, फोटोतल्या माणसावर जसं ऊन पडतंय तसंच तळहातावर घ्यायचं आणि जो आकडा येईल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडायचं. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. मी दीड महिना यावर काढला, बऱ्यापैकी चालतं.

मामांना हे सगळं फोनवर ऐकवलं तर ते म्हणाले अरे मग माझं वेस्टन घेऊन जा की! म्हणजे मीटर होतं त्यांच्याकडे आणि ते आत्ता सांगत होते. वेस्टन मास्टर, धातूचं, हातात घेतलं की वजन जाणवतं, मागे जाळीदार झाकण जे भर उन्हात बंद ठेवायचं आणि कमी उजेडात उघडायचं. याला सेल लागत नाही. आत सेलेनियमची चकती असते, तिच्यावर उजेड पडला की तीच वीज तयार करते आणि काटा हलतो. मला वाटलं काम झालं.

१४ डिसेंबरला शनिवारी दुपारी तपासायला घेतलं. आता तपासायचं कशाशी? इथे मला जी युक्ती सापडली ती खरंच कामाची आहे. माझ्या एका मित्राचं पोल्ट्री फार्म आहे, आणि पोल्ट्रीवाल्यांकडे लक्स मीटर असतं, कोंबड्यांना किती उजेड द्यायचा त्याचा हिशेब असतो म्हणून. ते मागून आणलं. लक्सवरून आपल्या फोटोच्या हिशेबात यायला सोपं आहे, लक्स हे उजेडाचं माप, ईव्ही हा फोटोवाल्यांचा उजेडाचा आकडा, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप. आयएसओ १०० ला २.५ लक्स म्हणजे ईव्ही शून्य, आणि पुढे दर दुपटीला एक वाढवायचा. २५६० लक्स झाले की ईव्ही १०, ८२ हजाराच्या आसपास ईव्ही १५, म्हणजे कडक ऊन. गच्चीवर दुपारी बारा वाजता लक्स मीटर ७९ हजार दाखवत होतं, म्हणजे ईव्ही १५ ला चिकटूनच. वेस्टन १३ दाखवत होतं. जिन्यात सावलीत आलो तर वेस्टनचा काटा जो झोपला तो उठलाच नाही. सेलेनियम असंच जातं, वय झालं, ओल लागली, वर्षानुवर्षं उजेडात पडून राहिलं की मरत जातं, आणि वाईट हे की एका प्रमाणात मरत नाही. सगळीकडे दोन स्टॉप कमी दाखवलं असतं तर मी दोन मिळवून वापरलं असतं. पण उन्हात दोन कमी आणि सावलीत काहीच नाही, त्याचं काय करणार.

हे चालू असताना शेजारचे जिभाऊ कुंपणावरून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "हाई काय शे रे भो? ताप मोजानं मशीन शे का?" मी म्हटलं उन्हाचा ताप मोजतोय. ते म्हणाले ते आम्ही चप्पल काढून मोजतो.

२८ डिसेंबरला मुंबईला काम निघालं, रात्रीच्या गाडीने गेलो आणि काम उरकून फोर्टमध्ये बोरा बझारला. तिथे कॅमेऱ्यांची दुकानं एकाला लागून एक आहेत. कोणालाही मीटर घ्यायचं असेल तर एकदा तरी हातात धरून बघा, व्हिडिओत बघून त्याचं माप कळत नाही. एका ठिकाणी नवं सेकॉनिक एल-३०८ एक्स होतं, किंमत बावीस हजाराच्या वर सांगितली, मी ते हळूच काउंटरवर परत ठेवलं. दुसरीकडे सेकॉनिकचंच गोल तबकडीचं स्टुडिओ डिलक्स जुनं, दिसायला एवढं देखणं की बस. पण ते बिनसेलचं, जुन्यात सेलेनियम, म्हणजे परत वेस्टनचीच कथा. नव्या एल-३९८ ए मध्ये सेलेनियमऐवजी सिलिकॉन आहे त्यामुळे ती भीती नाही, पण ते ईव्ही ४ च्या खाली वाचत नाही आणि मला घरातले फोटो काढायचे होते. हे मी तिथे उभ्या उभ्या मोबाइलवर वाचत होतो आणि दुकानदार माझ्याकडे बघत होता.

आणि मग तिसऱ्या दुकानात मी ती गोष्ट केली जी करू नये असं सगळे सांगतात, दिसलं आणि घेतलं. गॉसेन लुनासिक्स ३, जर्मन, ४,५०० रुपये. वाटी आहे, काटा आहे, ईव्ही उणे ४ पर्यंत वाचतं म्हणजे जवळजवळ चांदण्यात. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की याला जे सेल लागतात ते आता मिळत नाहीत. मी म्हटलं बघू. कापसाला भाव मिळाल्यासारखा हसत गाडीत बसलो.

सेलचं प्रकरण असं आहे. याला पीएक्स ६२५ नावाचे दोन पाऱ्याचे सेल लागायचे, १.३५ व्होल्टचे. पाऱ्यामुळे ते जगभर बंद झाले. त्याच मापाचे अल्कलाइन सेल मिळतात पण ते १.५ व्होल्टचे, आणि वापरता वापरता त्यांचं व्होल्टेज उतरत जातं, त्यामुळे मीटर आज एक सांगणार महिन्याने दुसरं. यावर उपाय म्हणजे कानाच्या मशीनचे सेल. मेडिकलमध्ये ६७५ नंबर मागायचे, निळ्या स्टिकरचे, सहाचं पाकीट मला २४० ला पडलं, ते १.४ व्होल्टचे असतात आणि संपेपर्यंत साधारण तेवढंच देतात. ते रुंदीला लहान पडतात म्हणून बाजूने रबरी वायसर, नळाच्या दुकानातून, दहा रुपयांना मूठभर. मेडिकलवाल्याने विचारलं कोणासाठी, आजोबांसाठी का, मी हो म्हटलं, काय समजावत बसणार.

आणि चाललं ते! चार दिवस मी अतिशय खूश होतो. मग दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, हे सेल हवेवर चालतात, स्टिकर काढलं की चालू होतात आणि मग तुम्ही मीटर वापरा नाही तर कपाटात ठेवा, ते वाळत जातातच. थंडीतच माझे दीड महिना टिकले, मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस अंशाला काय टिकले असते कोण जाणे. दुसरी गोष्ट जास्त मोठी. यात आत जो सेन्सर आहे, कॅडमियम सल्फाइडचा, त्याला उजेडाची आठवण राहते. भर उन्हात मोजलं आणि लगेच घरात येऊन मोजलं तर काटा काही वेळ खोटं बोलतो, त्याच्या डोळ्यासमोर अजून ऊनच असतं. आपलं नाही का होत, शेतातून घरात आलं की मिनिटभर काही दिसत नाही, तसंच. जर्मनीत ढगाळ हवेत याचा फार त्रास होत नसेल, पण मी अंगणातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात सारखा येजा करणारा, मला प्रत्येक वेळी थांबावं लागायचं. थांबलो तर माणूस उठून जातो. मशीन उत्तम आहे, ज्याला सावकाश काम करायचंय, तिवईवर कॅमेरा लावून, त्याने जरूर घ्यावं. माझ्यासाठी ते नव्हतं.

तर जानेवारीत मी पहिल्यांदा नीट विचार करून वहीत लिहिलं की मला काय मोजायचंय. आणि गंमत अशी निघाली की उन्हासाठी मला मीटर नकोच आहे. आपल्याकडे आठ महिने आभाळ स्वच्छ, सकाळी दहा ते दुपारी चार सोळाचा नियम डोळे झाकून चालतो, मामा काही चुकीचं सांगत नव्हते. मीटर लागतं ते सावलीत. केळीच्या बागेत, ओसरीवर, गोठ्यात, घरात खिडकीशी, संध्याकाळी. तिथे माझा डोळा फसतो कारण डोळा सवय करून घेतो, त्याला सावली नेहमी आहे त्यापेक्षा उजळ वाटते. म्हणजे मला पाहिजे होतं कमी उजेडात खरं बोलणारं, पटकन वाचणारं, वाटीवालं, आणि सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळेल असं. एवढं लिहिल्यावर उत्तर एकच उरलं, सेकॉनिक एल-३०८ एस, नव्या ३०८ एक्सच्या आधीचं मॉडेल. घड्याळाला टाकतो तो साधा पेन्सिल सेल एकच लागतो, ईव्ही शून्यापासून वाचतं, शर्टाच्या खिशात मावतं, फ्लॅशही मोजतं. हे काम नोव्हेंबरात केलं असतं तर लुनासिक्स आलंच नसतं, पण असो.

जुनं ३०८ एस आपल्याकडे कोणी विकायला काढलेलं दिसेना. जपानमधल्या एका विक्रेत्याकडे होतं. ११ जानेवारी २०२५ ला ऑर्डर दिली. मीटरचे साधारण ६,९००, टपालाचे १,३००, आणि बँकेने परकी चलनाचा आकार म्हणून वर तीनशेच्या आसपास घेतले. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावा लागतो, बँकेच्या अ‍ॅपमध्येच असतं ते, मी ते केलं नव्हतं म्हणून पहिल्यांदा पेमेंट फेल झालं आणि मला वाटलं पैसे गेले.

१४ तारखेला ईएमएसने, म्हणजे परदेशी स्पीड पोस्टाने, पार्सल निघालं, ट्रॅकिंग नंबरच्या शेवटी जेपी असतं. २० ला मुंबईच्या फॉरेन पोस्टात पोचलं. आणि मग ट्रॅकिंगवर कस्टम असा एकच शब्द, रोज तोच. मी रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी आणि मधल्या सुट्टीत बघायचो. मध्ये २६ जानेवारी आला. २९ ला पत्र आलं की वस्तू काय आहे, बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि ओळखपत्र पाठवा. आता यात दोष असेल तर माझाच. विक्रेत्याने पाकिटावर नुसतं कॅमेऱ्याचं सामान असं काहीतरी लिहिलं होतं, आणि मी त्याला आधीच सांगायला पाहिजे होतं की वस्तूचं पूर्ण नाव, मॉडेल, वापरलेलं आहे हे आणि खरी किंमत असं सगळं लिहा. तुम्ही मागवलंत तर हे आधी सांगा. आणि किंमत कमी दाखवायला सांगू नका, लोक सांगतात तसं, उलट पार्सल जास्त अडकतं.

मी ३० तारखेला उत्तर पाठवलं. आधारची प्रत, ऑर्डरचं बिल, बँकेच्या स्टेटमेंटचं ते एक पान बाकीच्या ओळी झाकून, आणि सोबत चार ओळींचं पत्र की हे छायाचित्र काढताना प्रकाश मोजायचं हातात धरायचं उपकरण आहे, वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही. पत्रात मॉडेलचा फोटोही चिकटवला. हे सगळं शोधताना एक कळलं, कस्टमच्या वर्गवारीत लाइट मीटर कॅमेऱ्यांच्या खान्यात बसत नाही, ते ९०२७ या खान्यात, उष्णता आवाज आणि प्रकाश मोजायच्या यंत्रांबरोबर. म्हणजे जिभाऊ अगदीच चुकले नव्हते.

७ फेब्रुवारीला सुटलं. १२ तारखेला बुधवारी पोस्टमन काका घरी आले, मी शाळेत. ड्युटी ६,३४० रुपये, ते दिल्याशिवाय पार्सल हातात नाही. आईचा फोन आला, मागून काकांचा आवाज. आई म्हणत होती, हे बघ, पोस्टातून मीटर आलंय म्हणे आणि सहा हजार मागतायत, आपलं मीटर तर चांगलं चालू आहे, तू कशाला मागवलंस आणि बोर्डाचा माणूस का नाही आला? मी वर्गात. पोरं ऐकतायत. म्हटलं आई, कपाटात पिठाच्या डब्यामागे पैसे आहेत ते दे, संध्याकाळी सांगतो. ड्युटीचे पैसे घरात काढून ठेवा आणि घरच्यांना वस्तूचं नाव सांगून ठेवा, हे दोन्ही मी केलं नव्हतं, पैसे नशिबाने निघाले. पावती जपून ठेवा. आणि ड्युटीचे दर बदलत असतात, माझ्या आकड्यावर जाऊ नका, मागवायच्या आधी त्या वेळचा दर बघा.

म्हणजे सगळं मिळून १४,८०० च्या वर गेलं. नव्यापेक्षा सात एक हजार वाचले, बदल्यात ३२ दिवस आणि झोप. घाई असेल आणि खिशात असतील तर नवंच घ्या, बिल आणि वॉरंटी मिळते. मला एवढा फरक जाणवतो म्हणून मी हा रस्ता धरला.

पार्सल उघडलं, पेन्सिल सेल टाकला, चालू. दुसऱ्या दिवशी परत मित्राचं लक्स मीटर आणलं, उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली, तिन्ही ठिकाणी अर्ध्या स्टॉपच्या आत. लक्स मीटरचा सेन्सर सपाट असतो आणि याची वाटी गोल, त्यामुळे तंतोतंत जुळत नाही, तेवढा फरक चालतो. महत्त्वाचं हे की तिन्हीकडे फरक साधारण सारखाच आला.

तरी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. वाटी सूर्याकडे करून मोजत होतो, वाटलं प्रकाश तिकडूनच येतोय ना. तसं नाही, वाटी कॅमेऱ्याकडे करायची, कारण कॅमेऱ्याला माणसाची जी बाजू दिसणार तिच्यावर किती उजेड आहे ते पाहिजे. सूर्य पाठीमागे असेल तर दोन्हींत दोन-तीन स्टॉपचा फरक पडतो. दुसरं म्हणजे स्वतःची सावली वाटीवर पडू द्यायची नाही, हात लांब करायचा. आणि ती वाटी सरकते, बाजूला सरकलेली राहिली तर मीटर परत आपटून आलेला उजेड मोजायला लागतं आणि आपल्याला पत्ता नसतो. माझे दोन फोटो यात गेले.

२३ फेब्रुवारीला रविवारी दुसरा रोल. वेचणी संपली होती पण एका जिनिंगच्या आवारात अजून कापसाचे डोंगर होते, आत जायला परवानगी मागितली, मॅनेजर म्हणाले बिडी काडी नाही ना खिशात, मग जा. ढिगाजवळ मजूर उभा, मी त्याच्या हनुवटीजवळ मीटर धरलं, तो म्हणाला दादा करंट नाही ना लागणार? आकडा वाचला, मागे आलो, काढला. तिथून मित्राच्या केळीत. बाहेर ईव्ही १५, आत पानांखाली १०. पाच स्टॉप! मला डोळ्याने विचारलं असतं तर मी दोन किंवा तीन म्हटलं असतं. ४०० च्या रोलाला एफ ८ आणि शटर ६०, घड कापणारा माणूस एक सेकंद थांबला तेवढ्यात काढला. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात ते जळणारच, ते जळू द्यायचे, चेहऱ्यावरची सावली मोजायची. घरी खिडकीशी आईला बसवून एफ ४ आणि शटर १५, कॅमेरा पाटावर ठेवून.

१० मार्चला स्कॅन आले. कापूस पांढरा, मजुराच्या मिशीचा केस न् केस वेगळा, केळीतल्या माणसाचे डोळे दिसतायत. बारापैकी नऊ चांगले. राहिलेल्या तिनातले दोन ते वाटीवाले आणि एक हललेला, त्याला कुठलंच मीटर काही करू शकत नाही.

लुनासिक्स पुण्याच्या एकाला ३,८०० ला दिलं, उरलेले निळे सेल आणि वायसरसकट, सेन्सरच्या आठवणीचं आधीच सांगून. वेस्टन मामांना परत केलं, ते आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे. एप्रिल लागल्यावर एक कळलं, गाडीच्या डिकीत मीटर ठेवायचं नाही, एक दिवस त्याचा पडदा पूर्ण काळा झाला होता, माझ्या पोटात गोळा आला, घरात थंड झाल्यावर आला परत. तेव्हापासून डब्याच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीजवळ ठेवतो.

घरात मी जिथे तिथे मोजत सुटलो होतो, देवघर, जिना, पलंगाखाली. स्वयंपाकघरात संध्याकाळी ओट्यावर ईव्ही ४ आलं. आईने विचारलं म्हणजे किती, मी म्हटलं फार कमी, इथे फोटो निघणार नाही. ती तशीच बाहेर अण्णांकडे गेली, दोन वर्षं म्हणतेय ओट्यावर अजून एक ट्यूब लावा, आता मीटरपण तेच सांगतंय. तिसऱ्या दिवशी ट्यूब लागली. मी मोजलं, ईव्ही ६.

आई म्हणाली, मग लाइटीचंच मीटर आहे की हे.